कोपराखाली पाच इंच: भावाच्या कृत्रिम हाताबद्दल, जाणकारांनी जरूर लिहावं

लेथवाला_कुपवाड (धागाकर्ता)
रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल. पंपाचे शाफ्ट आणि बुश हे आमचं रोजचं काम. आज मात्र वेगळ्याच कामासाठी लिहितोय.

माझा धाकटा भाऊ पलूस तालुक्यात आमची शेती बघतो. तीन एकर ऊस, थोडी हळद, चार म्हशी. २०२१ च्या दिवाळीनंतर कडबाकुट्टीत त्याचा उजवा हात गेला. पेंढी अडकली, त्यानं ती हातानं रेटली आणि रोलरनं पेंढीबरोबर हातही आत ओढला. मिरजेत डॉक्टरांनी कोपर वाचवलं. कोपराखाली पाच इंच हात शिल्लक राहिला.

पहिला कृत्रिम हात एका शिबिरात मिळाला. रंग कातडीसारखा, बोटं एकाच ठेवणीत. पुतणीच्या लग्नात शर्टाच्या बाहीतून छान दिसला. दुसऱ्या दिवशी भावानं तो फडताळात ठेवला, तो अजून तिथंच आहे. म्हणाला, "दादा, ह्यो हात लोकांनी बघायचा. मला काम करायचा पायजे."

दुसरा हात इंजिनिअरिंगच्या तीन पोरांनी प्रोजेक्ट म्हणून बनवला. थ्रीडी प्रिंटरवर छापलेली बोटं, आत पाच सर्व्हो मोटारी, स्टंपच्या, म्हणजे उरलेल्या हाताच्या, कातडीवर चिकटणारे इलेक्ट्रोड. त्यानं मनात मूठ वळायचा विचार केला की हाताची मूठ वळायची. आमच्या वर्कशॉपच्या टेबलावर त्यानं पहिल्यांदा चहाचा कप उचलला तेव्हा आई रडली. मीही रडलो, लपवत नाही.

पण टेबलावर दहापैकी दहा वेळा चालणारा हात गोठ्यात दहापैकी चार वेळाच चालतो. कोपर वर उचललं की मूठ आपोआप उघडते. बादली दोनदा खाली पडली, म्हैस बिचकली. घाम आला की हात ऐकतच नाही. आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं तर ७४० ग्रॅम भरलं. एका दुपारी उन्हात ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवला आणि दोन बोटं वाकली. पोरांनी जीव ओतून काम केलंय, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

माझा प्रश्न असा: चूक मोटारीत आहे, सर्किटमध्ये आहे, की मी जे बघतच नाहीये अशा कशात? मला मेकॅनिकलमधलं कळतं. शरीरातलं कळत नाही, इलेक्ट्रॉनिक्स अर्धं कळतं.


सर्किटबोर्ड
रविवार, रात्री १०:०२

दादा, त्या तिघांतला मी एक. तुम्ही इथं लिहिलंत ते बरं झालं.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, कोपराखालच्या मांसल भागात असतात. तिथून कंडरा, म्हणजे दोऱ्याच म्हणा, मनगटातून बोटांपर्यंत जातात. डाव्या हातानं उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवी बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवा, आत स्नायू हललेले कळतील. म्हणजे दादांच्या भावाचा पंजा गेला तरी पंजा चालवणाऱ्या स्नायूंचा वरचा भाग अजून जागेवर आहे, आणि मेंदू त्याला अजून हुकूम पाठवतो.

हुकूम पोचला की स्नायूच्या पेशींत सोडियम-पोटॅशियमची ये-जा होते आणि कातडीवर बारीकसा विद्युत दाब उमटतो. फार तर काही मिलिव्होल्ट, बहुतेक वेळा त्याहून कमी. खोलीतल्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा गोंगाट त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. म्हणून एकाच स्नायूवर दोन इलेक्ट्रोड ठेवून दोघांतला फरक तेवढा मोठा करायचा. गोंगाट दोघांवर सारखाच येतो, तो वजाबाकीत जातो. मग फिल्टर, मग सरासरी, मग मोटार. मूठ वळायला आतल्या बाजूचा स्नायू, उघडायला मागच्या बाजूचा.

मॉस्कोत कोब्रिन्स्की यांच्या गटानं असा हात १९६० च्या सुमारास दाखवला होता, म्हणजे कल्पना जुनी आहे. मला वाटतं आपण इलेक्ट्रोडच्या जोड्या दोनाच्या आठ कराव्यात आणि संदेश ओळखायला मशीन लर्निंग लावावं. मोटारीही जास्त ताकदीच्या घेऊ. बोटांचं पीएलए प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, ते बदलतोच.


साचा_आणि_पट्टी
सोमवार, सकाळी ७:३५

मी मिरजेत कृत्रिम अवयव बसवण्याचं काम करते, अठरा वर्षं झाली. सर्किटबोर्ड, तुझं वरचं वर्णन अचूक आहे. पण उपायाशी मी सहमत नाही. आधी लेथवालादादांना एक विचारते: हात स्टंपवर बसतो त्या भागाचं, सॉकेटचं, माप कुणी आणि कसं घेतलं?


लेथवाला_कुपवाड
सोमवार, सकाळी ८:१०

टेपनं. वर, मध्ये, खाली घेर मोजला. त्या मापाचं नळकांडं छापलं, आत फोम लावला, वरून पट्टा.


साचा_आणि_पट्टी
सोमवार, दुपारी २:२०

मग तुमचा दोष तिथंच आहे.

स्टंप म्हणजे शाफ्ट नव्हे. तुम्ही शाफ्टवर बुश बसवता तेव्हा दोन्हीकडे लोखंड असतं, सकाळी जे माप तेच संध्याकाळी. स्टंपमध्ये मध्ये दोन हाडं, भोवती स्नायू, मग चरबी, मग कातडी. स्नायू आवळला की आकार बदलतो. कोपर वाकवलं की बदलतो. दिवसभरात सूज कमी-जास्त होते. ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षात तर स्टंप इतका आटतो की पहिलं सॉकेट पुढं ढिलं होतंच. आणि वजन पेलायला ती कातडी घडलेलीच नाही. तळपायाची कातडी जाड असते, तिच्याखाली गादी असते. इथं तसं काही नाही.

आमच्याकडे पीओपीच्या पट्टीनं स्टंपचा साचा घेतात. त्यात प्लॅस्टर ओतलं की स्टंपची हुबेहूब प्रतिकृती मिळते. खरं काम त्यानंतर सुरू होतं. जिथं दाब चालतो तिथं प्लॅस्टर घासून कमी करायचं, जिथं हाड वर आलंय किंवा नस जाते तिथं प्लॅस्टर चढवायचं. म्हणजे सॉकेट हुबेहूब स्टंपच्या आकाराचं कधीच नसतं, मुद्दाम थोडं वेगळं असतं. कोपराच्या दोन्ही बाजूंना हाडांचे उंचवटे असतात, त्यांच्या वरून सॉकेट पकड घेतं, मग पट्टा आवळायची गरज पडत नाही. आधी पारदर्शक प्लॅस्टिकचं चाचणी-सॉकेट घालून बघतो. दाब पडलेली कातडी पांढरी पडते, ते बाहेरून स्वच्छ दिसतं.

आता वजनाचं. आपला खरा पंजाही चारशे ग्रॅमच्या आसपास असतोच. पण तो हाडाला बांधलेला असतो, म्हणून जड वाटत नाही. कृत्रिम हात कातडीला लटकतो. तेच वजन दुप्पट जाणवतं, आणि ते जितकं टोकाला तितकं जास्त. मोटारी बोटांत न ठेवता कोपराकडे सरकवता आल्या तर एक ग्रॅम न काढता हात हलका वाटेल. तरफेचा हा हिशोब तुम्हाला मी काय सांगावा.

आणि सर्किटबोर्ड, कोपर वर केल्यावर मूठ का उघडते? ढिलं सॉकेट ७४० ग्रॅमच्या ओढीनं खाली घसरतं. इलेक्ट्रोड मूठ वळणाऱ्या स्नायूवरून सरकतो, कातडीवर घासतो, आणि त्या घासण्याचाच मोठा संदेश तयार होतो. तुझं सर्किट तो प्रामाणिकपणे वाचतं. आठ जोड्या लावल्यास तर आठ ठिकाणी घासेल.


फौजी_पाटण
सोमवार, रात्री ८:४५

ताईंनी लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द मी अंगावर काढलाय.

२००२ साली सीमेवर सुरुंगावर पाय पडला. डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याला वानवडीत लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, १९४४ पासूनचं, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमींसाठी सुरू झालेलं. तिथं पहिला पाय बसवला. आमच्या सातारा जिल्ह्यात गावोगावी फौजी, त्यामुळं हे केंद्र आमच्याकडच्या बऱ्याच घरांना माहीत.

नवीन माणसाला वाटतं, पायाचं वजन स्टंपच्या टोकावर पडतं. तसं नाही. टोक जवळजवळ मोकळं असतं. वजन मुख्यतः गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर आणि पोटरीच्या बाजूंनी घ्यायचं. बाहेरच्या बाजूला बारीक हाडाचं डोकं असतं, तिथं चुकून दाब आला तर शंभर पावलांत डोळ्यांत पाणी येतं. पहिल्या महिन्यात मला वाटायचं पाय खराब दिलाय. तिथल्या कारागिरानं सॉकेट आतून नखाएवढं घासलं आणि मी त्याच दिवशी कॅन्टीनपर्यंत चालत गेलो.

माझ्या पिशवीत कायम तीन जाडीचे मोजे असतात. सकाळी एक, दुपारी स्टंप आटला की त्यावर दुसरा. लेथवालादादा, भावाला असा मोजा देऊन बघा.

माझ्याकडे दोन पाय आहेत. बुटात घालायचा वेगळा, आणि शेतात जायला जयपूर फूट. आमच्याकडं भातलावणीला चिखलात बुटाचं काय काम? जयपूर फूट १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह हॉस्पिटलात घडला. डॉ. प्रमोद करण सेठी यांचं नाव सगळ्यांना ठाऊक, १९८१ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण त्यांच्याबरोबर रामचंद्र शर्मा हे कारागीर होते, त्यांचं नाव घ्यायला लोक विसरतात. रबर आणि लाकूड यांचा पाऊल-आकाराचा ठोकळा, साच्यात भाजलेला. त्याआधीचे परदेशी पाय बुटाशिवाय चालत नव्हते आणि घोट्यात वळत नव्हते. हा पाय घालून उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, अनवाणी बांधावरून जाता येतं. देवळात बाहेर बसून राहावं लागत नाही. त्यात एक मोटार नाही, एक तार नाही.


तंतुवाद्य_मिरज
सोमवार, रात्री १०:३०

विषय माझ्या क्षेत्रातला नाही, पण साचा घासण्याचं वाचलं आणि राहवलं नाही.

आमच्या घरी चार पिढ्या सतार-तंबोऱ्याचं काम. आमचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, नंतर वाद्यांकडे वळले. तंबोऱ्याची जवारी काढतो, म्हणजे तारेचा घुमारा जुळवतो, तेव्हा घोडीचा, तार टेकते त्या पट्टीचा, पृष्ठभाग कानसेनं अगदी हलका घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. किती घासायचं याचं माप कागदावर लिहिता येत नाही. एक हात जास्त पडला तर आवाज मरतो. गवई समोर बसलेला असेल तर जवारी त्याच्या स्वराला लागते, नाहीतर नुसती काढलेली असते.

ताई करतात ते मला तसंच वाटलं. लेथवालादादा, भावाला समोर बसवून घासा. माप घेऊन घरी नेऊन घासू नका.


व्यायाम_उपचार
मंगळवार, दुपारी १:१५

फिजिओथेरपिस्ट म्हणून दोन गोष्टी.

पहिली, भावाचा खांदा तपासून घ्या. एका हातानं सगळं करणाऱ्या माणसाचा चांगला हात आणि त्या बाजूचा खांदा दोन-तीन वर्षांत दुखू लागतो. आणि तुटलेल्या बाजूचा खांदा वापराविना आखडतो. जड हात लटकवला तर दोन्ही बिघडतात.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. त्याला नसलेला पंजा दुखतो का, विचारा. बरेच जण सांगत नाहीत, लोक वेडा म्हणतील म्हणून. गेलेल्या हाताची बोटं आवळल्यासारखी वाटणं, नखं तळव्यात रुतल्यासारखी वाटणं, हे खरं असतं. मेंदूतला त्या हाताचा नकाशा पुसला जात नाही. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात यावर साधा आरसा वापरला. टेबलावर आरसा उभा ठेवायचा, त्यामागे स्टंप, पुढे चांगला हात. आरशात बघत चांगला हात हळूहळू उघडायचा. डोळ्यांना गेलेला हात उघडताना दिसतो. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण खर्च आरशाएवढाच आहे.

याचा तुमच्या इलेक्ट्रॉनिक हाताशी थेट संबंध आहे. ज्याला मनातल्या मनात पंजा नीट उघडता येतो, त्याचे उघडण्याचे आणि मिटण्याचे संदेश वेगवेगळे निघतात. ज्याचा मनातला पंजा आवळूनच बसलाय, त्याचे दोन्ही स्नायू एकदम ताणलेले असतात. मग सर्किटला कळणार कसं?

स्टंपची कातडी फार हुळहुळी असेल तर आधी कापूस, मग टॉवेल, मग खरखरीत कापड रोज पाच-दहा मिनिटं फिरवा. मी पेशंटला परातीत ज्वारी घेऊन त्यात स्टंप घोळवायला सांगते.


लेथवाला_कुपवाड
मंगळवार, रात्री ९:५०

मी आज गावी जाऊन आलो. भावाला विचारलं. चार वर्षांत पहिल्यांदा बोलला. रात्री अंगठा तळव्यात मोडल्यासारखा वाटतो, झोप लागत नाही. आम्हा कुणाला माहीत नव्हतं. भावजयीलाही नाही. आईचा शिंगार-आरसा टेबलावर ठेवून आलोय.


शिराळा_३२
मंगळवार, रात्री ११:०५

कडबाकुट्टीबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं. मळणी यंत्रांत हात जायला लागले म्हणून केंद्रानं १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा केला. गावात आजही उघड्या तोंडाच्या कुट्ट्या फिरतात. वैरण सारायचं तोंड हात रोलरपर्यंत पोचणार नाही एवढं लांब आणि वरून झाकलेलं हवं, आणि रोलर उलटा फिरवायचा दांडा हाताशी हवा. दादा, तुमच्या वर्कशॉपात जुन्या कुट्टीला असं तोंड बसवून मिळेल का? आमच्या गल्लीतच सहा कुट्ट्या आहेत.


लेथवाला_कुपवाड
बुधवार, सकाळी ७:००

मिळेल. पत्र्याचे पैसे द्या, मजुरी घेणार नाही. कुट्टीचा फोटो आणि तोंडाची रुंदी पाठवा.


विटा_रोड
बुधवार, दुपारी ४:४०

एवढी खटपट करण्यापेक्षा परदेशी हात का घेत नाही? पाचही बोटं वेगवेगळी चालणारा हात २००७ सालीच बाजारात आलाय. गुडघ्यात कॉम्प्युटर असलेला पायही १९९७ पासून मिळतो. कर्ज काढून का होईना, एकदाच चांगला घ्या.


साचा_आणि_पट्टी
बुधवार, रात्री ९:१५

ते हात खरोखर सुंदर आहेत आणि ज्यांचं काम कोरडं, सावलीतलं आहे त्यांनी परवडत असतील तर जरूर घ्यावेत. कॉम्प्युटरचा गुडघा तर मी मोठी गोष्ट मानते. पाऊल कुठल्या टप्प्यावर आहे हे तो सतत मोजतो आणि आतलं तेल कमी-जास्त सोडून माणूस पडायच्या आत गुडघा आवळतो.

पण दुसरं टोकही बघा. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी जयपूरच्या संस्थेबरोबर प्लॅस्टिकचा, चार दांड्यांच्या जोडणीचा गुडघा केला, टाइम मासिकानं २००९ च्या सर्वोत्तम शोधांत त्याला जागा दिली. त्यात कॉम्प्युटर नाही. दांड्यांची लांबी अशी निवडली आहे की पाय सरळ असताना वळण्याचा बिंदू मागे आणि वर जातो, त्यामुळं उभा माणूस गुडघ्यात मोडत नाही. पाय उचलला की तोच बिंदू सरकतो आणि गुडघा सहज वाकतो. नुसत्या भूमितीनं केलेलं काम आहे हे.

हाताच्या बाबतीत शेतकऱ्याला मी आधी हुक दाखवते. १९१२ साली अमेरिकेत डोरन्स नावाच्या, स्वतः हात गमावलेल्या माणसानं दोन पात्यांच्या हुकाचं पेटंट घेतलं. पाठीवरून पट्टा, त्याला केबल. खांदा पुढं केला की हुक उघडतो, सैल सोडला की रबर त्याला मिटवतं. शंभरहून जास्त वर्षं झाली, तो अजून टिकलाय. कारण केबलचा ताण खांद्याला कळतो, वस्तू मऊ की कडक हे जाणवतं. मोटारीच्या हाताला ही जाणीव अजून नीट देता येत नाही.


आईची_पट्टी
गुरुवार, सकाळी ११:२०

धागा वाचतेय दोन दिवस. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, जत तालुक्यात राहतो. जन्मतः डाव्या हाताला मनगटापुढं काही नाही. शाळेत वहीवर पट्टी धरता येत नाही म्हणून रेघ वाकडी येते आणि ती रडते. लोक म्हणतात आत्ताच इलेक्ट्रॉनिक हात बसवा, नाहीतर मेंदू विसरेल. खरं आहे का? दोन ठिकाणी विचारलं, एका ठिकाणी तर मुलीकडं न बघताच किंमत सांगितली.


साचा_आणि_पट्टी
गुरुवार, दुपारी १:००

ताई, घाबरू नका, उशीर झालेला नाही. जन्मतः हात नसलेल्या मुलाच्या मनात सहसा "गेलेला हात" नसतो, ते आपल्या अंगाचा आहे तसा वापर करायला आपणहून शिकतं. मुलगी स्टंपनं वस्तू दाबून धरते, काखेत धरते, तेच तिचं कौशल्य आहे आणि ते तिला स्पर्शासकट मिळतं. सॉकेट घातलं की तो स्पर्श झाकला जातो. म्हणून बरीच मुलं दिवसभर घालायचा हात नाकारतात, आणि त्यात त्यांची चूक नसते. वाढत्या वयात सॉकेट दर वर्ष-दीड वर्षानं बदलावंही लागतं.

एका कामासाठी एक साधन करा, काम झालं की काढून ठेवायचं. तिला विचारा तिला काय करायचंय. पट्टी धरायची असेल तर पट्टी धरणारं साधन. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर तेवढं लगेच काढा.


माणदेशी_आटपाडी
गुरुवार, दुपारी ३:३०

ताई, मुलीला आमच्या करगणीच्या सचिन खिलारींचा व्हिडिओ दाखवा. लहानपणी हाताला दुखापत झालेला आपल्या तालुक्यातला माणूस, २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक घेऊन आला. आणि पेठ गावचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले, १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण त्यांनीच आणलं. दोघंही आपल्याच सांगली जिल्ह्यातले.


लेथवाला_कुपवाड
सात आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८:३०

उशिरा लिहितोय, पण काम करून लिहितोय.

साचा_आणि_पट्टी ताईंनी भावाचा साचा घेतला. त्याआधी मी रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला स्टंपचा घेर भावजयीला मोजायला लावला, दहा दिवस. कोपराखाली तीन इंचांवर सकाळ-संध्याकाळचा फरक आठ मिलिमीटरपर्यंत. मी एक शतांश मिलिमीटरसाठी जॉब परत पाठवणारा माणूस. त्या वहीकडं बघून मला माझी चूक कळली. आम्ही हलत्या मापावर न हलणारं नळकांडं चढवलं होतं.

चाचणी-सॉकेट तीन वेळा बदललं. तिन्ही वेळा भाऊ समोर बसलेला. तो कोपर वाकवायचा, बादली उचलायचा, ताई पेन्सिलनं खूण करायच्या. तिसऱ्या वेळी त्यानं हात हवेत झटकला आणि सॉकेट जागचं हललं नाही.

सॉकेटच्या टोकाला मी ॲल्युमिनियमचं मनगट टर्न केलं, आत अर्ध्या इंचाचे, इंचाला वीस आटे. अमेरिकन पद्धतीच्या हुकांच्या मागचा आटा हाच असतो, म्हणजे उद्या बाजारातला तसा हुकही इथं बसेल. भावाला काय करायचंय ते त्यानंच सांगितलं आणि क्रमही त्यानंच लावला: बादली, खुरपं, फावडं, मग बाकीचं. बादलीला साधा आकडा केला. खुरप्याला गोल सांध्याची पकड, कारण भांगलताना मनगट वळतं आणि आपल्याला ते कळतही नाही, ते नसलं की कळतं. फावड्याला दांड्याभोवती कडं, तेही ओढ जास्त झाली की सुटेल असं. फावडं मुळीत अडकलं तर खांद्याला हिसका बसू नये म्हणून. पहिलं कडं स्टेनलेसमध्ये केलं, जड झालं, टाकून दिलं. दुसरं ॲल्युमिनियममध्ये, आत नायलॉनचं बुश.

धार काढायला त्याला कुठलंच साधन नको होतं. डाव्या हातानं काढतो, उजव्यानं बादली धरतो.

आता सर्किटबोर्डसाठी खास. परवा रात्री जेवणं झाल्यावर मला कल्पना सुचली. तुमचे तेच इलेक्ट्रोड, तेच सर्किट, एक तारही न बदलता नव्या सॉकेटच्या आत बसवले. ताईंनी जागा दाखवली, मी भोकं पाडली. प्रोजेक्टचा हात तात्पुरता मनगटाला जोडला. भावाला कोपर डोक्याच्या वर न्यायला सांगितलं. मूठ मिटलेली ती मिटलेलीच. वीस वेळा केलं, एकोणीस वेळा बरोबर. तुमचं सर्किट पहिल्यापासून चांगलं होतं, पोरांनो.

अंगठा अजून दुखतो. पण आरशासमोर बसल्यावर रात्रीची झोप लागते, असं भावजय म्हणाली.


सर्किटबोर्ड
रविवार, रात्री ९:०५

दादा, हे वाचून मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन उभा राहिलो थोडा वेळ. सहा महिने आम्ही फिल्टर बदलत होतो. परीक्षकांनी सर्किटचे मार्क दिले, सॉकेटबद्दल एकानंही विचारलं नाही, आम्हालाही सुचलं नाही.

पुढचं आमच्याकडं द्या. मोटारी बोटांतून काढून सॉकेटच्या बाजूला आणतो आणि बोटांना दोऱ्यांनी ओढतो, खऱ्या हातात असतं तसंच. पाचऐवजी दोनच मोटारी: एक अंगठ्याला, एक बाकी चारांना. वजन ४०० ग्रॅमच्या आत आणायचा प्रयत्न करतो. गोठ्यासाठी नाही, संध्याकाळी डेअरीचा हिशोब लिहिताना वही धरायला आणि ताटातली भाकरी मोडायला. भाऊंना विचारलं तर त्यांनी हीच दोन कामं सांगितली. पुढच्या शनिवारी साच्याच्या वेळी आम्ही तिघंही ताईंकडं येऊन बसलो तर चालेल का? नुसतं बघायला.


साचा_आणि_पट्टी
रविवार, रात्री ९:२०

या. प्लॅस्टर लागेल असे कपडे घालून या.


आईची_पट्टी
रविवार, रात्री ९:४५

दादा, तुम्ही मोठ्या कामात आहात, तरी विचारते. मुलीला पट्टी धरायचं साधन तुमच्याकडं होईल का? तिनं स्वतः चित्र काढलंय ते कसं असावं याचं. त्यात एक फुलपाखरू पण आहे.


लेथवाला_कुपवाड
रविवार, रात्री ९:५२

होईल ताई. चित्राचा फोटो पाठवा. दोन्ही हात कोऱ्या कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवा, तो कागदही हवा, आणि तिची पट्टी किती रुंद आहे ते कळवा. पहिलं लाकडात करतो, तिला दाखवून घासता येईल. साच्याचं ताईंशी बोलून शनिवारचीच वेळ घेतो, म्हणजे तुमची जतहून एकच फेरी होईल. फुलपाखरू कुठल्या रंगाचं हवं ते तिला विचारून ठेवा.